मिडवाइफच्या देखरेखीतले बाळंतपण : भिंतीवरची सनद आणि अभिप्रायाचा कागद, आठ महिन्यांनंतर

गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यात मी पुण्याच्या पश्चिम भागातील एका लहान प्रसूतिकेंद्रात नाव नोंदवले. तेथे प्रशिक्षित मिडवाइफ बाळंतपण करतात आणि गरज पडली तर स्त्रीरोगतज्ज्ञ हजर असतात. आता बाळ साडेतीन महिन्यांचे आहे. केंद्राचे नाव मी देत नाही, कारण रुग्ण म्हणून मिळालेले हक्क प्रत्यक्षात किती वापरता येतात, एवढेच मला सांगायचे आहे.

आई सुरुवातीला धास्तावली होती. तिच्या मनात गावची सुईण होती. परिचारिकेचे शिक्षण पूर्ण केलेल्यांना आणखी १८ महिन्यांचे प्रशिक्षण देऊन मिडवाइफ तयार करण्याचे धोरण केंद्र सरकारने २०१८ मध्ये आखले आहे, हे समजावून सांगितल्यावर ती माझ्याबरोबर तपासणीला येऊ लागली. दर वेळी पाऊण तास बोलणे होई आणि माझी फाईल माझ्याच घरी असे. या बाबतीत माझी काहीही तक्रार नाही.

बाहेरच्या बाकासमोर रुग्णहक्कांची सनद लावलेली होती. शुश्रूषागृहांच्या नोंदणीसंबंधी महाराष्ट्राचे २०२१चे सुधारित नियम ती दर्शनी भागात लावायला सांगतात, आणि दरपत्रकही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या सनदेत १७ हक्क आहेत. त्यांतील शेवटचा हक्क अभिप्राय देण्याचा आणि तक्रार करण्याचा असून, तक्रारीचा निकाल १५ दिवसांत लेखी मिळावा असे त्यात म्हटले आहे. मी ही सनद घरूनच फोनवर वाचून आले होते, म्हणून नंबर येईपर्यंत त्या भिंतीकडे नीट पाहिले. एरवी पाहिले नसते.

बाळंतपणाच्या रात्री या हक्कांचा अर्थ मला कळला. माझी मिडवाइफ प्रत्येक आतल्या तपासणीपूर्वी हात धुऊन माझ्या उशाशी येई आणि विचारी, “ताई, आता तपासू का? कळ येत असेल तर ती जाऊ दे, मग बघू.” मी मान हलवल्याशिवाय तिने हात लावला नाही. मला चालता येत होते, पाणी पिता येत होते आणि आई व नवरा आळीपाळीने जवळ थांबत होते. पहाटे तीनच्या सुमारास मात्र एक अनोळखी डॉक्टर आले, नाव न सांगता, काही न विचारता त्यांनी तपासणी केली आणि “अजून वेळ आहे” असे सिस्टरकडे पाहून म्हणत ते निघून गेले. आधीच्या तपासणीला जेमतेम दीड तास झाला होता. सर्व काही सुरळीत असेल तर अशी तपासणी चार तासांच्या अंतराने पुरेशी ठरते, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. त्या वेळी अंतरापेक्षा जास्त बोचली ती न विचारण्याची गोष्ट, कारण बाकी सगळ्यांनी विचारण्याची मला सवय लावली होती.

तिसऱ्या दिवशी घरी सोडताना अभिप्रायाचा कागद आला. बाळ खांद्यावर होते, खाली रिक्षा थांबली होती आणि ज्या सिस्टरने मला दोन रात्री धरून उठवले-बसवले, तीच पेन पुढे करून उभी होती. मी सगळीकडे ‘उत्तम’वर खूण केली. ते खोटे होते, आणि तसे लिहिताना मला ते ठाऊक होते. जिच्या हातून आपले बाळ अंघोळ करून आले, तिच्यासमोर कोणतीही बाळंतीण दुसरे काही लिहील असे मला वाटत नाही.

सव्वा महिना झाल्यावर मी घरी बसून दोन पानांचे पत्र लिहिले. त्यापूर्वी नोंदींची प्रत मागितली. डिस्चार्जनंतर ती ७२ तासांत मिळायला हवी, आणि ती दुसऱ्याच दिवशी मिळाली. पार्टोग्राफवर, म्हणजे बाळंतपण कसे पुढे सरकते ते नोंदवण्याच्या तक्त्यावर, तीन वाजताची तपासणी होती, तपासणाऱ्याचे नाव नव्हते. पत्राचे उत्तर बाराव्या दिवशी आले. मुख्य मिडवाइफने मला आणि नवऱ्याला बोलावले, चहा दिला आणि मधे न बोलता पूर्ण ऐकून घेतले. डॉक्टरांनी तेथेच माफी मागितली. उत्तर टाळले असते तर महापालिकेच्या आरोग्य विभागाच्या तक्रार कक्षाकडे जायचे मी ठरवले होते. ती वेळ आली नाही. चौदाव्या आठवड्याच्या लसीसाठी गेले तेव्हा पार्टोग्राफच्या कोऱ्या नमुन्यात ‘तपासणाऱ्याचे नाव’ आणि ‘विचारले’ असे दोन नवे रकाने दिसले. माझ्या पत्रातून झालेला हा बदल पाहून मला भरून आले.

एक मोठी उणीव अजून आहे. अभिप्रायाचा कागद फक्त इंग्रजीत आहे. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या बाईने, तिचे सिझेरियन झाले होते, तो माझ्याकडे देऊन “तुम्हीच भरा, ताई” असे म्हटले, आणि तिच्या रात्रीबद्दल मला काय माहीत होते? मी तोच कागद मराठीत करून दिला आहे, त्यात “तुम्हाला विचारून तपासले का?” हा प्रश्न सर्वांत वर ठेवला आहे आणि तो सहा आठवड्यांनी, घरी फोन करून विचारावा असे सुचवले आहे. लसीच्या दिवशी काउंटरवर मात्र जुनाच गठ्ठा होता. पुढच्या खेपेला मी त्याबद्दल पुन्हा विचारणार आहे.