वेंगुर्ल्याची कांदळवन सफर: वल्हं बायकांच्या हातात

मी कोळीवाड्यात वाढले. आमच्याकडे मासळी विकणं, सुकवणं, उधारीचा हिशेब, सगळं आईच्या अंगावर. पण मच्छीमार सोसायटीच्या बैठकीला जायचे बाबा. म्हणून वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीतली 'स्वामिनी' महिला बचतगटाची कांदळवनाची, म्हणजे खारफुटीच्या जंगलाची सफर मला मनापासून आवडली. 2017 पासून मच्छीमार घरांतल्या या बायका ती चालवतात. होडी त्याच वल्हवतात, माहितीही त्याच देतात.

इंजिन नाही, त्यामुळे खंड्या अगदी जवळून दिसतो. आमची होडी वल्हवणाऱ्या ताईंनी कांदळाची लांब हिरवी शेंग हातावर ठेवली. बी झाडावरच रुजतं आणि कोंब फुटल्यावर खाली चिखलात रोवलं जातं, हे त्यांनी टोक दाखवून समजावलं. मग पांढरी चिप्पी दाखवली. 2020 मध्ये तिला महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष म्हणून मान मिळाला. "कांदळ तोडलो तर माशांनी पिल्लां खय घालूची?" हा त्यांचा सवाल कुठल्याही माहितीफलकापेक्षा थेट पोचतो. बोलताना त्या कुणाच्या तोंडाकडे बघत नाहीत, अडत नाहीत. खाडीत कालवं आणि तिसऱ्या (शिंपल्या) गोळा करणाऱ्या बायकांना तिथलं पाणी पाठ असतं. ते ज्ञान इथे त्यांच्याच नावाने, त्यांच्याच कमाईसाठी वापरलं जातंय, याचं मला फार मोल वाटतं.

जायचं असेल तर भरतीची वेळ आधी फोनवर विचारा आणि टोपी न्या. पैशांची घासाघीस मात्र कृपया करू नका.