इंटरडेंटल ब्रश: आठ महिने रोज वापरल्यावर

दिवाळीनंतर सीताबर्डीतल्या एका मेडिकलमधून इंटरडेंटल ब्रशचं, म्हणजे दातांमधल्या फटी साफ करायच्या बारीक ब्रशचं, पहिलं पाकीट आणलं, तेव्हापासून रात्रीचा एकही दिवस चुकवलेला नाही.

त्याआधी कित्येक वर्षं दात घासताना रक्त यायचं. ब्रश जोरात लागत असेल, असं समजून मी सोडून द्यायचो. डेंटिस्टने सळईने मोजलं, तर मागच्या दाढांशी हिरडी ६ मिलिमीटर सुटलेली निघाली. ३ पर्यंत ठीक असतं. आधी दोन बैठकांत खोल सफाई झाली. ती टाळून नुसता ब्रश घेऊ नका, दगडासारखं किटण त्याने निघत नाही.

मग त्यांनी विचारलं, ॲसिडिटीची गोळी घेता का? घ्यायचो, रोज, स्वतःच्याच मनाने. सावजी खाल्लं की दोन दिवस जळजळ. हिरड्यांचा त्याच्याशी काय संबंध, ते मला तिथे कळलं. दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ आपण गिळतो आणि तिच्यासोबत हिरड्यांतले जंतूही पोटात जातात. बहुतेक जठरातल्या आम्लात मरतात. गोळीने ते आम्लच कमी होतं. अशा गोळ्या घेणाऱ्यांच्या आतड्यात तोंडातले जंतू जास्त सापडतात. हिरड्यांच्या आजारातला पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा जंतू उंदरांना तोंडावाटे दिला, तेव्हा त्यांच्या आतड्यातल्या जीवाणूंची घडीच बदलली. माणसांत कशामुळे काय होतं, याचा शोध अजून चालू आहे. पण मला एवढं पुरलं. फिजिशियनला विचारून गोळी हळूहळू बंद केली.

आता ब्रशबद्दल. पहिले आठ-दहा दिवस रक्त जास्तच आलं, घाबरू नका. तिसऱ्या आठवड्यात थांबलं. साइज डेंटिस्टकडूनच ठरवून घ्या. मी अंदाजाने जाड घेतला आणि हिरडी सोलवटली. तार दाढांमागे लवकर वाकते, ही खरी तक्रार. मृगाच्या संत्र्यांचे रेषे मात्र एका फेरीत निघायचे, फ्लॉसच्या दोऱ्याने मला ते कधी जमलं नाही.

सहा महिन्यांनी पुन्हा मोजलं, ६ चे ४ झाले होते. पोटही हलकं वाटतं, पण गोळी सुटली, रात्रीचं जेवण लवकर झालं, त्यामुळे ते श्रेय मी ब्रशला देणार नाही.

बाबांना शुगर आहे, आणि शुगर व हिरड्या एकमेकांना बिघडवतात. त्यांच्या फटी मोठ्या, हातही थरथरतो. म्हणून या वेळी त्यांच्यासाठी लांब दांड्याचा, जाड ब्रश आणलाय.