आजीवन हमीची सायकल: नेरूळहून एक अनुभव

एका लहान देशी उत्पादकाची हायब्रिड सायकल मी नेरूळ ते बेलापूर अशा रोजच्या जाण्यायेण्यासाठी घेतली. चालवायला ती खरोखर उत्तम आहे. बसण्याची ठेवण आपल्याकडच्या उंचीचा विचार करून आखलेली आहे, आणि पाम बीच रस्त्यावर समोरून वारा असला तरी ती जड वाटत नाही. म्हणूनच पुढे जे घडले त्याचे अधिक वाईट वाटते.

पावसाळा संपता संपता पेडलवर जोर देताना कटकट ऐकू येऊ लागली. वाशीतील मेकॅनिकने बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलचा आस ज्यात फिरतो तो भाग, उघडून साफ केला, ग्रीस भरले, तरी आवाज जाईना. मग त्याने रॉकेलचा बोळा फिरवून चेनस्टेच्या, म्हणजे पेडलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या नळीच्या, वेल्डपाशी केसाएवढी काळी रेघ दाखवली, आणि मी पेडलवर भार दिला तेव्हा ती डोळ्यांदेखत उघडली. फ्रेम ६०६१ जातीच्या अ‍ॅल्युमिनियमची आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने या धातूची ताकद जोडालगत कमी होते आणि ती परत आणण्यासाठी संपूर्ण फ्रेमवर उष्णतेची प्रक्रिया करावी लागते, त्यामुळे पोलादी फ्रेमसारखी ती नाक्यावरच्या वेल्डरकडून सांधून घेता येत नाही. अशा वेळी ग्राहकाला हमीचाच आधार असतो.

कंपनीच्या मालकांनी फोन स्वतः घेतला, फोटो मागवले आणि सायकल गतिरोधकावर आदळली असावी, सबब हमी लागू नाही, असे फ्रेम हातात न घेताच कळवून टाकले. मेकॅनिकचा लेखी अभिप्राय पाठवल्यावर नवी फ्रेम आली. मात्र वाहतूक आणि सुटे भाग बसवण्याची मजुरी मलाच भरावी लागली, शिवाय तिच्यावरची ब्रेक बसवण्याची जागा सपाट नसल्याने डिस्क घासू लागली. हेही एक वेळ सोसता येईल. त्याच खेपेच्या फ्रेम घेतलेल्या इतरांना सावध केले का, या माझ्या प्रश्नाला मात्र अद्याप उत्तर मिळालेले नाही, आणि मला सर्वांत जास्त खटकते ते हेच, कारण भर रहदारीत फ्रेम तुटली तर माणसाच्या जिवावर बेतू शकते. लहान उत्पादकाकडे गावोगावी सेवा केंद्रे नसतात. ग्राहक त्याच्याकडे जातो तो मालकाच्या शब्दावर, आणि तो शब्द इथे पाळला गेला नाही.

या उत्पादकाची सायकल घेण्याचा सल्ला मी आज देणार नाही. ज्यांनी घेतली आहे त्यांनी धुताना चेनस्टेचे वेल्ड निरखून पाहावेत, बिल आणि फ्रेम क्रमांकाचा फोटो जपून ठेवावा आणि तक्रार फोनवर न करता लेखी करावी. दाद मिळाली नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहेच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार नोंदवता येते, आणि वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर त्यासाठी शुल्क लागत नाही.