2024 ची इंडी यादी, दहा महिने वापरल्यानंतर

डिसेंबर 2024 मध्ये मी वर्षभरातल्या आवडत्या इंडी संगीताची, म्हणजे मोठ्या कंपन्यांबाहेरच्या कलाकारांच्या संगीताची, यादी केली होती. चौदा अल्बम, नऊ सुटी गाणी, चार गिग (प्रत्यक्ष पाहिलेले कार्यक्रम). मार्च 2025 मध्ये एका सकाळी वर्गणी भरून गाणी ऐकायचं अ‍ॅप उघडलं तर चौदांपैकी तीन अल्बम राखाडी पडलेले. नावं दिसत होती, दाबलं तर काहीच वाजत नव्हतं. सहाच दिवस आधी वर्षभराची वर्गणी आपोआप कापली गेली होती. त्यामुळे हा अनुभव त्या यादीबद्दल आहे, तसाच ती यादी ज्यातून ऐकली त्या साधनांबद्दलही आहे. दोन्ही आता मला वेगळी करता येत नाहीत.

ग्राहकसेवेशी बारा दिवस पत्रव्यवहार चालला. पहिलं उत्तर आलं, अ‍ॅप काढून पुन्हा टाका. टाकलं, आणि उतरवून ठेवलेली सगळी गाणी त्यात गेली. मग उत्तर आलं की हा मजकूर तुमच्या भागात उपलब्ध नाही. आदल्या आठवड्यापर्यंत तो रोज वाजत होता. शेवटी लिहिलं की हक्कधारकांशी असलेले करार बदलू शकतात. हे खरं होतं आणि पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं. उरलेल्या वर्गणीचे पैसे मागितले, मिळाले नाहीत. मला याचा फार राग आला होता आणि अजून आहे.

मग पुढच्या वर्षीचं नूतनीकरण बंद केलं आणि कागदावर हिशोब मांडला. तेवढ्या वर्गणीत वर्षाला साधारण डझनभर अल्बम फाइल स्वरूपात कायमचे विकत घेता येतात, म्हणजे महिन्याला एक. पैशाच्या बाबतीत माझा हात आखडता आहे, म्हणून आधी हे कमी वाटलं. पण महिन्याला मी खरोखर मन लावून किती नवे अल्बम ऐकते, ते मोजलं. दोन, फार तर तीन. उरलेलं सगळं कामात असताना मागे चालू असलेलं.

सिंडी ली या नावाने पॅट्रिक फ्लेगल यांनी काढलेला 'डायमंड ज्युबिली' हा अल्बम डिसेंबरात मी यादीतून मुद्दाम वगळला होता, तोही वैतागून. 29 मार्च 2024 ला तो आला तेव्हा कुठल्याच वर्गणीच्या सेवेवर नव्हता. यूट्यूबवर सलग एकच लांब व्हिडिओ, आणि जुन्या जिओसिटीजच्या (लोक स्वतःची वेबपानं बनवत त्या सेवेच्या) धर्तीवरच्या एका साध्या पानावर वेव्ह फाइली, म्हणजे आवाज न दाबता साठवलेल्या. 32 गाणी, दोन तासांहून थोडं जास्त. पिचफोर्क या संगीत-समीक्षेच्या संकेतस्थळाने दहापैकी 9.1 गुण दिले तेव्हा सगळे त्याच्याबद्दल बोलू लागले आणि मी हट्टाने बाजूला राहिले. ऐकणाऱ्याला एवढे कष्ट का द्यायचे, असं माझं मत होतं.

मार्चनंतर ते मत टिकलं नाही. जे अल्बम अ‍ॅपमध्ये सोयीने मिळत होते त्यांतले तीन गेले होते आणि ज्याला गैरसोयीचा म्हटलं तो जागच्या जागी होता. उतरवून घेतला. सव्वा जीबीच्या आसपास जागा लागली. माझ्या फोनमध्ये वेव्ह फाइलींवर गायक, अल्बम, क्रमांक काही दिसेना, त्यामुळे गाणी अक्षरांच्या क्रमाने वाजू लागली. एक अख्खी संध्याकाळ फाइली फ्लॅकमध्ये (आवाजातलं काही न गमावता फाइल लहान करणाऱ्या प्रकारात) बदलण्यात आणि क्रमांक भरण्यात गेली. पण प्रत्येक गाण्याचं नाव हाताने लिहिल्यामुळे आठवडाभरात मला 32 गाण्यांचा क्रम पाठ झाला. असं गेल्या कित्येक वर्षांत कुठल्या अल्बमच्या बाबतीत झालं नव्हतं. साठच्या दशकातल्या मुलींच्या गायनवृंदांसारखी सुरावट, तिच्यावर जुन्या टेपसारखी धूळ, आणि मध्येच गिटार इतकी उघडी पडते की हातातलं काम थांबतं. दहा महिन्यांत सर्वांत जास्त वेळा ऐकलेला अल्बम हाच. यादीत आता पहिला आहे.

आता सांध्यांबद्दल, म्हणजे एक गाणं संपून दुसरं सुरू होतं त्या जागांबद्दल लिहिते, आणि यावर जास्त लिहिणार आहे.

मे महिन्यात एका छोट्या हॉलमधल्या गिगला गेले होते. दीडशेक माणसं असतील. मुख्य बँडच्या आधी तिघांचा एक बँड वाजवून गेला. त्यांच्या शेवटच्या दोन गाण्यांमध्ये खंड नव्हता. चौथं गाणं संपताना गिटारवाली अ‍ॅम्पकडे (आवाज मोठा करणाऱ्या पेटीकडे) तोंड करून उभी राहिली, फीडबॅकची एक लांब घुमणारी तार धरली, आणि त्या घुमण्यातच ड्रमरने पाचव्याचा ठेका सुरू केला. मला अजून तो क्षण जसाच्या तसा आठवतो. बाहेर टेबलावर त्यांच्या पाच गाण्यांच्या ईपीचं (छोट्या अल्बमचं) डाउनलोड कोड छापलेलं कार्ड होतं, ते घेतलं. घरी येऊन लावलं, चौथं गाणं घुमत संपलं, आणि मग अर्धा सेकंद काहीच नाही. नंतर पाचवं सुरू झालं. तो धागाच तुटला होता.

तिथून मी या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागले. एमपी3 फाइलीत आवाज 1152 नमुन्यांच्या (आवाजाच्या क्षणोक्षणी घेतलेल्या मोजमापांच्या) ठोकळ्यांत बांधलेला असतो. सेकंदाला 44,100 नमुने धरले तर एक ठोकळा 26 मिलिसेकंदांचा होतो. गाणं नेमकं ठोकळ्याच्या कडेवर संपत नाही, म्हणून शेवटच्या ठोकळ्यात उरलेली जागा शांततेने भरतात. सुरुवातीलाही एन्कोडर, म्हणजे फाइल बनवणारा प्रोग्राम, थोडी शांतता घालतो. लेमसारखा चांगला एन्कोडर ही भर किती घातली ते फाइलीत लिहून ठेवतो, पण ते वाचून कापण्याचं काम प्लेयरचं. फ्लॅकमध्ये ही अडचणच नाही, त्यात नमुन्यांची नेमकी संख्या नोंदलेली असते. माझा अर्धा सेकंद मात्र या कशाहूनही मोठा होता. फोनमधला प्लेयर पहिली फाइल पूर्ण बंद करून मगच दुसरी उघडत होता. फुबार2000 हा दुसरा प्लेयर टाकला, त्यात पुढची फाइल आधीच तयार असते. तो फुकट आहे आणि त्याची मोबाइल आवृत्तीही आहे. खंड गेला.

तुलनेसाठी वर्गणी संपायच्या आत जुन्या अ‍ॅपमध्ये पुन्हा डोकावले, आणि तिथे जे दिसलं त्याने मला खरंच वाईट वाटलं. गाणी एकमेकांत मिसळण्याची सोय चालू होती, पाच सेकंदांची. मीच कधीतरी एका समारंभासाठी चालू केली असणार. म्हणजे 2024 चा प्रत्येक अल्बम मी असा ऐकला होता की एक गाणं विझायच्या आत दुसरं त्याच्या अंगावर आलेलं. जेसिका प्रॅट यांच्या 'हिअर इन द पिच'मध्ये नऊ गाणी आहेत आणि अख्खा अल्बम 27 मिनिटांचा. आठ सांधे, प्रत्येकी पाच सेकंद, म्हणजे 40 सेकंद मी कधी धड ऐकलेच नव्हते. या अल्बममध्ये तर आवाज थांबल्यावर खोलीत जी गूंज राहते तिच्यातच अर्धं गाणं आहे. डिसेंबरात मी लिहिलं होतं, 'सुंदर पण सगळी गाणी सारखी वाटतात.' ते वाक्य मागे घेते. गाणी सारखी नव्हती, माझ्याकडे ती एकमेकांवर सांडत होती.

म्हणून उन्हाळ्यात सगळी यादी पुन्हा ऐकली, यावेळी अल्बम जसा बांधला तसा, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

एमजे लेंडरमन यांचा 'मॅनिंग फायरवर्क्स' सहाव्यावरून तिसऱ्यावर आला. त्यातलं शेवटचं गाणं सुमारे दहा मिनिटांचं आहे आणि त्यातला मोठा भाग नुसता एकसुरी घुमारा आहे. आधी मी तो उगाच ताणलेला म्हटलं होतं. अल्बमभर एकटी, हरलेली, थोडी लाजिरवाणी माणसं भेटत राहतात. त्यांच्यानंतर ती मिनिटं लागतात, लगेच काही दुसरं कानावर आलेलं चालत नाही. अ‍ॅप मात्र अल्बम संपताच कुणा दुसऱ्याचं गाणं सुरू करायचं.

शेलॅक या बँडचा 'टू ऑल ट्रेन्स' 17 मे 2024 ला आला. त्या बँडचे गायक-गिटारवादक स्टीव्ह अल्बिनी त्याआधी दहाच दिवस, 7 मे रोजी गेले. दुसऱ्यांच्या ध्वनिमुद्रणावर रॉयल्टी घ्यायला त्यांनी कायम नकार दिला, ठरलेला मेहनताना तेवढा घेतला, आणि स्वतःला निर्माता न म्हणता ध्वनिमुद्रण करणारा अभियंता म्हणवलं. या अल्बमला यादीत क्रमांक देणं मला तेव्हा जमलं नव्हतं, आताही जमत नाही. त्यातला ड्रमचा आवाज ऐका. काठी लागल्यानंतर भिंतीपर्यंत जाऊन परत येणारी हवा ऐकू येते. अल्बमच्या शेवटच्या गाण्याचं नाव 'आय डोन्ट फिअर हेल' आहे, ते लागलं की मी जागची हलत नाही.

माउंट ईरीचा 'नाइट पॅलेस' 26 गाण्यांचा आणि 81 मिनिटांचा. डिसेंबरात तो माझ्याकडून पूर्ण ऐकून झाला नव्हता, तरी यादीत घातला होता. ते चूक होतं. आता चार वेळा सलग ऐकलाय, आणि यादीतली जागा त्याने स्वतः मिळवली आहे. माबे फ्राटी यांचा 'सेंतिर के नो साबेस' जिथे होता तिथेच आहे, पाचवा. चेलो इतका खरखरीत आणि इतका मायेने वाजलेला मी दुसरीकडे ऐकला नाही. पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनीचा 'बीटा' दोन जागा वर गेला. फॉन्टेन्स डी. सी.चा 'रोमान्स' खाली घसरला. ऑगस्ट 2024 मध्ये त्याने मला वेड लावलं होतं, आता दोन गाणी लावते आणि थांबते. सांध्यांचा दोष तिथे नाही, माझाच उत्साह ओसरला.

सुट्या गाण्यांत बदल नाही. वॅक्सहॅचीचं 'राइट बॅक टू इट' जानेवारी 2024 मध्ये आलं तेव्हापासून पहिलं आहे. लेंडरमन यात मागून सूर देतात, बँजो बाजूने चालत राहतो, आणि दीर्घ सहवासातल्या प्रेमाबद्दल इतकं न सजवलेलं गाणं मला माहीत नाही. बाकी आठ गाण्यांबद्दल आता काही सांगावंसं वाटत नाही, त्यांतली पाच तर मी उन्हाळ्यानंतर लावलेलीच नाहीत.

गिगबद्दल एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. ऑक्टोबर 2024 च्या एका गिगनंतर माझ्या कानात दोन दिवस शिटी वाजत होती. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये कार्यक्रमांच्या जागांसाठी सरासरी 100 डेसिबलची मर्यादा सुचवली. 85 डेसिबलला आठ तास सुरक्षित धरले, तर त्यावर दर तीन डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो, या हिशोबाने 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं मिळतात, आणि गिग दोन तास चालतो. संगीतासाठीचे इअरप्लग एका तिकिटापेक्षा कमी पैशात मिळाले. फोमचे घेऊ नका, त्यांनी वरचे सूर गिळले जातात आणि सगळं गोधडीतून ऐकल्यासारखं वाटतं. मे महिन्यातला तो फीडबॅक मी प्लग घालूनच ऐकला आणि त्याचा एक कणही कमी झाला नाही.

खरेदी बहुतेक बँडकॅम्पवर करते, तिथे बँड आपलं संगीत थेट विकतात. डिजिटल विक्रीवर ते 15 टक्के घेतात, वस्तूंवर 10, आणि मार्च 2020 पासून काही ठरावीक शुक्रवारी आपला वाटा सोडतात. मी खरेदी त्या शुक्रवारांसाठी साठवून ठेवते. यात माझे पैसे वाचत नाहीत, पण तेवढ्याच पैशातलं जास्त बँडपर्यंत पोचतं. छोट्या बँडसाठी हे फार आहे. स्पॉटिफायवर (माझं अ‍ॅप ते नव्हतं) 2024 पासून बारा महिन्यांत 1000 वेळा न वाजलेल्या गाण्याला काहीच मिळत नाही, आणि मे महिन्यातल्या त्या तिघांच्या बँडची गाणी अजून तिथवर पोचली नसावीत. तक्रार करण्यासारखंही आहे. 2022 मध्ये बँडकॅम्प एपिक गेम्स या गेम कंपनीने घेतलं, 2023 मध्ये ते साँगट्रॅडर या संगीत-परवान्यांच्या कंपनीकडे गेलं आणि जवळपास निम्म्या कर्मचाऱ्यांची नोकरी गेली. उद्या काय होईल यावर मी विसंबून नाही. प्रत्येक अल्बम दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवते. दर महिन्याला अर्धा तास जातो आणि तो कंटाळवाणाच असतो.

त्या ईपीचं एक राहिलं. फुबारवरही चौथ्या आणि पाचव्या गाण्यामध्ये बारीकसा टक् असा आवाज येतच होता. फ्लॅक आवृत्ती उतरवली, तरी तोच. मग कळलं की हा दोष आता माझ्याकडचा नाही. बँडला लिहिलं, नेमकी वेळ दिली. खरं तर उत्तराची अपेक्षा नव्हती, मार्चमधले बारा दिवस डोक्यात होते. तिसऱ्या दिवशी ड्रमरचं उत्तर आलं. फाइली कापताना त्याने चौथ्याच्या शेवटी सवयीने छोटा फेड (आवाज हळूहळू विझवणं) टाकला होता आणि पाच महिन्यांत कुणाच्याच, त्याच्या स्वतःच्याही, लक्षात आलं नव्हतं. त्याने दोन्ही फाइली बदलल्या. मी जुन्याच खरेदीवर, एकही पैसा न देता, पुन्हा उतरवून घेतल्या. आता चौथं घुमत राहतं आणि त्याच घुमण्यात ठेका येतो, त्या रात्री आला होता तसा. काल पुन्हा लावलं, चार वेळा मागे जाऊन तोच सांधा ऐकला. ईपी 2025 मध्ये आलेला आहे, त्यामुळे या यादीत बसत नाही. पुढच्या यादीचा पहिला क्रमांक मी भरून टाकलाय.