ऑनलाइन विद्यापीठात फायनान्शियल अकाउंटिंग: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

जुलैमध्ये प्रवेश घेतला, डिसेंबरात परीक्षा दिली, फेब्रुवारीत निकाल लागला आणि मार्चअखेरीला शिकलेलं प्रत्यक्ष कामात वापरलं. प्रवेश घेताना असा अनुभव मी खूप शोधला होता, पण मराठीत कुणी सविस्तर लिहिलेलं सापडलं नाही. म्हणून सवडीने लिहिते आहे.

आधी माझ्याबद्दल थोडं. वय ३७, बारावी आर्ट्स. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात नऊ वर्षं हिशेब बघते, म्हणजे टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हाउचर, म्हणजे एकेका व्यवहाराची नोंद, मारते. एफ-५ पेमेंट, एफ-६ रिसीट, एफ-७ जर्नल, हे हाताला पाठ आहे. पण अमुक नोंद जर्नललाच का जाते, हे कुणी विचारलं तर मला सांगता येत नव्हतं. वर्षाच्या शेवटी सीए साहेब चार नोंदी फिरवायचे आणि नफ्याचा आकडा बदलायचा. का बदलला ते विचारायची हिंमत व्हायची नाही. ऑनलाइन बी.कॉम.ला नाव घालण्याचं खरं कारण हेच. पहिल्या सत्रातला ‘फायनान्शियल अकाउंटिंग’ हा पेपर माझ्यासाठी अख्ख्या पदवीएवढा मोलाचा होता.

विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे एक तक्रारही आहे. मात्र प्रवेशाआधी विद्यापीठ यूजीसीच्या मान्यताप्राप्त ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या यादीत आहे का, आणि त्याच अभ्यासक्रमासाठी आहे का, एवढं बघाच.

पेपर ४ क्रेडिटचा. एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे अभ्यास १२० तासांचा. आता प्रत्यक्षात काय मिळतं ते बघा. चाळीसएक व्हिडिओ, प्रत्येकी साधारण २५ मिनिटांचे, म्हणजे १६-१७ तास. दर रविवारी तासाभराचं लाइव्ह लेक्चर, अशी बारा झाली. धरा एकूण तीस तास. उरलेले नव्वद तास आपण कुठून आणणार? माहितीपत्रकात हे कुणी सांगत नाही आणि माझ्याबरोबरचे बरेच जण इथेच अडले. ‘रात्री मुलं झोपली की व्हिडिओ बघून टाकू’ या हिशेबाने हा विषय येत नाही. पहिले तीन आठवडे मी तसंच केलं. सगळं समजतंय असं वाटायचं, व्हिडिओत शिकवणाऱ्या मॅडमचं बोट आकड्यावर फिरलं की मान हलायची. चौथ्या आठवड्यात पहिली असाइनमेंट उघडली आणि दहापैकी चार नोंदी चुकल्या.

मग आडव्या रेघांची दोनशे पानी वही आणली. व्हिडिओत गणित आलं की थांबवायचं, आधी आपण सोडवायचं, मग मॅडमचं उत्तर बघायचं. २५ मिनिटांच्या व्हिडिओला सव्वा तास लागायला लागला, पण तिथून पुढे विषय हाताला लागला.

शिकवणं खरोखर चांगलं होतं, हे मनापासून सांगते. मॅडमनी सुरुवात केली ती १४९४ सालापासून. व्हेनिसमध्ये लुका पाचोली यांचा गणिताचा ग्रंथ छापला गेला, त्यात तिथल्या व्यापाऱ्यांची द्विनोंदी पद्धत, म्हणजे प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत लिहायची रीत, मांडलेली होती. पद्धत व्यापाऱ्यांची, पाचोलींनी ती लिहून काढली. मग कुठलं खातं डेबिट आणि कुठलं क्रेडिट करायचं हे ठरवणारे व्यक्तिगत, वास्तविक, नामधारी खात्यांचे तीन नियम पाठ करायला लावण्याआधी त्यांनी एकच समीकरण दोन आठवडे घोटून घेतलं: मालमत्ता म्हणजे देणी अधिक भांडवल. प्रत्येक व्यवहाराने या समीकरणात नेमकं काय हललं, ते सांगायचं. उधारीवर माल आला: माल वाढला, देणं वाढलं. मालकाने घरखर्चाला पैसे उचलले: रोकड घटली, भांडवल घटलं. हे पक्कं बसल्यावर ते तीन नियम पाठ करावे लागले नाहीत, आपोआप सुटत गेले.

माझी मोठी अडचण वेगळीच होती आणि ती आमच्या घरातून आली. माझे वडील, अण्णा, याच यार्डात चाळीस वर्षं दिवाणजी होते. लहानपणी लक्ष्मीपूजनाला वह्यांची पूजा व्हायची, तेव्हा नव्या वहीला कुंकू लावायचा मान माझा. जमा डावीकडे, नावे उजवीकडे, हे मी अक्षरओळख झाल्यापासून बघत आले. आणि इथे डावीकडे डेबिट, उजवीकडे क्रेडिट! एका रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी कॅशबुक आखत होते. अण्णा चष्मा लावून मागे उभे राहिले.

“अगं, व्यापाऱ्याचे पाच हजार आले ना? मग डावीकडे जमा लिही की.”

“अण्णा, इथे डावीकडे डेबिट म्हणतात. डेबिट म्हणजे नावे.”

“पैसे आले आणि नावे? असं कसं असेल बाळ?”

दोघंही तासभर बसलो. अण्णांनी कागदावर रोजमेळ, म्हणजे देशी पद्धतीची रोजची रोकडवही, आखला, मी शेजारी कॅशबुक. पाच हजार दोन्हीकडे डावीकडेच आले होते. फरक होता तो कुणाच्या खात्याबद्दल बोलतोय याचा. रोजमेळ म्हणतो, ज्याने दिले त्याच्या खाती जमा. कॅशबुक म्हणजे रोकडीचं स्वतःचं खातं, तिथे आलेले पैसे रोकडीच्या नावे पडतात. त्या व्यापाऱ्याचं खातं उघडलं तर खतावणीत, म्हणजे आपल्या खात्यांच्या वहीतही तो जमा आणि इंग्रजी लेजरमध्येही क्रेडिट, फक्त आपल्याकडे ती बाजू डावी आणि त्यांच्याकडे उजवी. जमा म्हणजे क्रेडिट हे कुठेच बदलत नाही, बाजू बदलते. अण्णांनी मान डोलावली आणि म्हणाले, “मग बरोबर आहे तुझ्या मॅडमचं.” कोर्समध्ये अण्णांच्या या देशी नामा पद्धतीचा एक शब्दही नव्हता. महाराष्ट्रातल्या किती घरांत आजही रोजमेळ लिहिला जातो! त्या विद्यार्थ्यांसाठी अर्ध्या तासाचा एखादा व्हिडिओ असायला हवा होता, असं मला फार वाटतं.

याच गोष्टीमुळे पुढे बँक जुळवणी पत्रक, म्हणजे आपली वही आणि बँकेचं पासबुक जुळवून बघणं, मला सोपं गेलं. आपण बँकेत पैसे भरले की आपल्या वहीत बँक डेबिट, आणि पासबुकात तेच क्रेडिट. कारण पासबुक ही बँकेच्या वहीतल्या आपल्या खात्याची नक्कल आहे. लाइव्ह लेक्चरमध्ये यावर सगळ्यात जास्त प्रश्न आले.

तेरीज पत्रक म्हणजे सगळ्या खात्यांच्या डेबिट आणि क्रेडिट शिलकांची यादी, दोन्हींची बेरीज सारखी यायला हवी. त्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तिथे मला खरा आनंद मिळाला. तिसऱ्या असाइनमेंटला माझं तेरीज ६३० रुपयांनी जुळत नव्हतं. जेवण झाल्यावर बसले, साडेअकरा वाजले तरी सापडेना. लाइव्ह लेक्चर घेणाऱ्या सरांनी दोन युक्त्या सांगितल्या होत्या. फरकाची निम्मी रक्कम शोधा, कारण एखादी रक्कम उलट्या बाजूला गेली तर फरक दुप्पट पडतो. आणि फरकाला ९ ने भाग जातो का बघा, जात असेल तर आकडे उलटसुलट झाले असण्याची शक्यता. ३१५ ची नोंद कुठेच नव्हती. ६३० ला ९ ने भागलं, ७० आले. म्हणजे दशक आणि शतकाचे आकडे आपापसात बदललेत आणि त्यांच्यात सातचा फरक आहे. पानं उलटत गेले आणि सापडलं: गाडीभाडं ४,८१० च्या जागी ४,१८० उतरवलेलं. आठ आणि एक! त्या रात्री झोप लागेना. नऊ वर्षं टॅलीत काम करून हे कधी अनुभवलं नव्हतं, कारण टॅली दोन्ही बाजू सारख्या झाल्याशिवाय व्हाउचर घेतच नाही. तेरीज जुळलं तरी चुका आत लपून राहू शकतात, हेही इथेच कळलं. नोंद अजिबात केलीच नाही किंवा दुरुस्तीचा खर्च यंत्राच्या खाती टाकला, तर तेरीज बिनतक्रार जुळतं.

अंतिम लेख्यांमधल्या समायोजना, म्हणजे वर्षअखेरीच्या दुरुस्तीच्या नोंदी, हा सगळ्यात जड भाग. अदत्त (द्यायचा राहिलेला) खर्च, पूर्वदत्त (आधीच भरलेला) विमा, बुडीत कर्जाची तरतूद, प्रत्येकाची नोंद दोन ठिकाणी. घसारा, म्हणजे वापरामुळे दरवर्षी घटणारी किंमत, मात्र पटकन झाला. ८०,००० चं यंत्र, १० टक्के: सरळ रेषा पद्धतीत दरवर्षी ८,०००, घटत्या शिल्लक पद्धतीत ८,०००, मग ७,२००, मग ६,४८०. एकदा हाताने केलं की विसरत नाही.

एक उदाहरण मात्र मनाला लागलं. पुस्तकात ते आगीचं असतं, सरांनी पुराचं घेतलं. २०,००० चा माल पुरात गेला, विमा कंपनीने १२,००० मंजूर केले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, तो चिखल आम्ही हातांनी काढला आहे. सरांनी विचारलं, पूर्ण २०,००० व्यापार खात्याला, म्हणजे खरेदी-विक्रीचा ढोबळ नफा काढायच्या खात्याला, जमा का करायचे? कारण त्या मालाची खरेदी डाव्या बाजूला बसलेली आहे, पण तो माल ना विकला गेला, ना अखेरच्या साठ्यात उरला. जमा केला नाही तर ढोबळ नफा तेवढ्याने खाली येईल आणि धंदाच तोट्याचा झाला असं दिसेल. मग १२,००० विमा कंपनीकडून येणं म्हणून ताळेबंदात आणि ८,००० नफा-तोटा खात्याला. पुराचं नुकसान पुराच्या नावावर, व्यापाराचं व्यापाराच्या. २०२० च्या मार्चअखेरीला सीए साहेबांनी त्या फिरवाफिरवीत काय केलं होतं, ते मला तेव्हा समजलं.

आता तक्रार. पोर्टलवर असाइनमेंटची उत्तरं चौकटीत भरायची असतात. १२,५०० असा स्वल्पविराम टाकला की उत्तर चूक धरलं जायचं. दोन गुण असे गेले, मेल केल्यावर तेरा दिवसांनी ‘सूचना वाचाव्यात’ असं उत्तर आलं. सूचनेत ते कुठेच नव्हतं. चर्चेच्या पानावर प्रश्न टाकला तर उत्तर शिक्षकांकडून क्वचितच यायचं; आम्हीच दहा-बारा जणांनी व्हॉट्सअ‍ॅपवर गट केला आणि तो शेवटपर्यंत चालला. मोबाइलवर हा पेपर करायचा विचार सोडून द्या, खात्याचे रकाने स्क्रीनवर मावत नाहीत.

परीक्षा घरूनच, कॅमेऱ्यासमोर, ७० गुणांची. अंतर्गत मूल्यमापन ३० चं. कच्च्या कामाला कागद चालतो असं लेखी सांगितलं होतं. पण कागदावर लिहायला मान खाली गेली की ‘स्क्रीनकडे पहा’ असा लाल इशारा यायचा. हिशेबाच्या पेपरला मान खाली घालायची नाही, तर करायचं काय? वर मध्येच वीज गेली. मोबाइलच्या इंटरनेटवर पुन्हा आत शिरेपर्यंत अकरा मिनिटं गेली आणि घड्याळ चालूच होतं. हेल्पलाइनला कुणी फोन उचलला नाही. चार दिवसांनी कळवलं की साठवलेली उत्तरं ग्राह्य धरली जातील, वेळ मिळणार नाही. सहा प्रश्न हात न लावता राहिले. येत असलेले प्रश्न असे जावेत, याचं मला आजही वाईट वाटतं. ७० पैकी ५१ आणि ३० पैकी २६ पडले. परीक्षेला बसताना इन्व्हर्टर असलेल्या घरात बसा, शेजाऱ्यांकडे का होईना.

घ्यावा का हा कोर्स? ज्यांना आठवड्याला सात-आठ तास वही घेऊन बसता येईल त्यांनी जरूर घ्यावा. विशेषतः टॅलीवर काम करणाऱ्या माझ्यासारख्यांनी. ज्यांना अकरावी-बारावी कॉमर्समध्ये हे झालं आहे, त्यांना पहिला दीड महिना उजळणीसारखा जाईल. इंग्रजीची धास्ती घेऊ नका. मी महाराष्ट्र बोर्डाचं अकरावीचं हिशेबाचं, मराठी माध्यमाचं पुस्तक शेजारी ठेवलं. जर्नल म्हणजे रोजकीर्द, डेटर्स म्हणजे ऋणको, अशी जोडी वहीच्या मागच्या पानावर लिहीत गेले. दोन महिन्यांत ते पान बघावं लागेनासं झालं.

मार्चअखेरीला मालकांनी विचारलं, “ताई, पेवातली हळद कोणत्या भावाने धरायची?” पेव म्हणजे हळद साठवायचं जमिनीखालचं कोठार. घेतली होती १४,००० रुपये क्विंटलने आणि बाजारात विकून खर्च वजा जाता १२,५०० हातात येत होते. मी म्हटलं, खरेदी किंमत आणि विकून हाती येणारी किंमत, यांतली कमी असेल ती. म्हणजे १२,५००. साठ्याच्या मूल्यांकनाचा नियम, लेखा मानक २, तसं सांगतं. मालकांनी सीए साहेबांना फोन लावला, तेही तेच म्हणाले. आधी दरवर्षी मी नुसती यादी द्यायचे, या वर्षी साठ्याचं मूल्यांकन माझ्या अक्षरात गेलं.

आता दुसरं सत्र चालू आहे. मागच्या आठवड्यात अण्णांनी माळ्यावरून १९८८ सालची कीर्द काढून दिली. रोज तिचं एक पान जर्नलमध्ये उतरवते. आजचं पान हळदीच्या सौद्याचं आहे आणि हमालीपाशी अडले आहे. ती खरेदीच्या किमतीत धरलेली आहे की शेतकऱ्याच्या पट्टीतून, म्हणजे त्याला देण्याच्या हिशेबातून, वजा केलेली, ते अण्णा फिरून आले की विचारायचं आहे.