घरभर गाणं: बोलके स्पीकर घ्यावेत की जुन्या ॲम्प्लिफायरला रास्पबेरी पाय जोडावा?

खोलीखोलीत एकच गाणं वाजावं आणि त्यासाठी भिंती फोडून तारा टाकाव्या लागू नयेत, एवढी इच्छा असेल तर सर्वसाधारण खिशाला परवडणारे पर्याय आज दोनच उरतात. पहिला, प्रत्येक खोलीत एक बोलका, म्हणजे तोंडी हुकूम ऐकणारा स्पीकर, ॲमेझॉनचा इको किंवा गूगलचा नेस्ट, ठेवून त्यांचा गट करायचा. दुसरा, घरात आहेत ते ॲम्प्लिफायर आणि स्पीकर तसेच ठेवायचे, प्रत्येकाला एक रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा छोटा संगणक, जोडायचा आणि घरातल्याच एखाद्या संगणकावर चालणाऱ्या लिरियन म्युझिक सर्व्हर या सॉफ्टवेअरवरून सगळ्यांना गाणं पुरवायचं. ग्वाल्हेरला फालके बाजारातल्या आमच्या घरात मी दोन्ही करून पाहिलं आहे. पुढचं सगळं त्या घराच्या आणि त्यात ऐकल्या जाणाऱ्या गाण्याच्या अनुभवावरून आलेलं आहे, तेवढी सूट देऊन वाचावं.

बाकीचे मार्ग थोडक्यात. ब्लूटूथ एका खोलीपुरतं ठीक, दगडी भिंतीपलीकडे त्याचा भरवसा नाही. ॲपलची एअरप्ले 2 ही वायफायवरून आवाज पाठवायची सोय उत्तम आहे, पण आयफोनवरून लावलेलं गाणं त्या फोनच्याच आधारावर चालतं. फोनवाला बाड्यावर, म्हणजे इथल्या मुख्य चौकात, भाजी आणायला गेला की घरातलं गाणंही गेलं. शिवाय घरात बहुतेकांकडे अँड्रॉइड असेल तर तो विषय तिथेच संपतो. घरभर गाण्याचे स्पीकर बनवणाऱ्या सोनॉस कंपनीबद्दल जाणकार चांगलं बोलतात, पण चार खोल्यांचा हिशोब मांडला तर बराच मोठा आकडा होतो.

आता भिंती. ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या, म्हणजे आमच्याकडच्या, जुन्या घरांच्या भिंती हातभर जाड असतात. 5 गिगाहर्ट्झचं वायफाय पहिल्या भिंतीलाच दमतं, 2.4 गिगाहर्ट्झचं दोन भिंती ओलांडून जातं. रास्पबेरी पायच्या झीरो 2 डब्ल्यू या छोट्या प्रकारात फक्त 2.4 गिगाहर्ट्झ आहे ही त्याची उणीव सांगितली जाते, पण असल्या घरात ती उणीव जाणवत नाही. वेगाची काळजी करू नये. सीडीच्या दर्जाचा आवाज अजिबात न दाबता पाठवला तरी सेकंदाला 1.4 मेगाबिट लागतात, दर्जा न घालवता फाइल लहान करणाऱ्या फ्लॅकमध्ये त्याहूनही कमी. चार खोल्या एकदम वाजवल्या तरी हे ओझं किरकोळच. खरी अडचण दुसऱ्या राउटरची होते. मागच्या खोल्यांसाठी लोक तो लावतात आणि तो स्वतःचं वेगळं नेटवर्क उभं करतो. मग पुढच्या खोलीतल्या फोनला मागचे स्पीकर दिसतच नाहीत. दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकला, म्हणजे तो पहिल्याचंच नेटवर्क पुढे नेऊ लागला, की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो. पर्याय कुठलाही निवडा, हे आधी करून घ्या.

इथपर्यंत दोन्ही बाजू जवळजवळ सारख्याच. माझा निर्णय झाला तो पुढच्या गोष्टीमुळे.

आमच्या बैठकीच्या खोलीत जुना ॲम्प्लिफायर आणि लाकडी खोक्यांचे स्पीकर आहेत. त्यांचा आवाज सोडायची कोणाचीच तयारी नव्हती. म्हणून माजघरात गूगलचा बोलका स्पीकर ठेवला आणि बैठकीतला ॲम्प्लिफायर ब्लूटूथने त्याच गटात घेतला. आलापीपुरतं छान वाटलं. द्रुत, म्हणजे जलद लयीची बंदिश, सुरू झाली आणि दोन खोल्यांमधल्या दारात उभं राहिल्यावर सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, दोनदा ऐकू यायला लागली. माजघरातली आधी, बैठकीतली मागाहून. बाबांनी आयुष्यभर तबला वाजवला आहे. समेवर मान झुकवायची आणि तिथेच पुन्हा एक ठोका पडायचा, की त्यांची मान मध्येच थांबायची. ते काही बोलायचे नाहीत, उठून एक स्पीकर बंद करायचे. घरभर गाण्याची सगळी मांडामांड अशी रोज संध्याकाळी एका खोलीवर यायची.

यात चूक कुठल्या एका वस्तूची नव्हती. ब्लूटूथमध्ये आवाज गुंडाळून पाठवायचा आणि पलीकडे उलगडायचा, यात साधारण 100 ते 250 मिलिसेकंद जातात. आता मध्यम द्रुत तीनताल घ्या, मिनिटाला 240 मात्रांचा. एक मात्रा 250 मिलिसेकंदांची होते. 150 मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे अर्ध्याहून जास्त मात्रा, तिहाई ऐकताना असह्य. अतिविलंबितात एकेक मात्राच काही सेकंदांची असते, तिथे हे खपून जातं. पण ग्वाल्हेरची विलंबित मुळातच फार रेंगाळणारी नाही, तिच्यात लयीचं अंग सतत जागं असतं. ज्या घरात हे गाणं ऐकलं जातं तिथे हा दोष लवकर लक्षात येतो. सुगम संगीत किंवा बातम्या ऐकणाऱ्या घरात कदाचित कोणाला जाणवणारही नाही.

थोडा उशीर कान सहज पोटात घालतो. आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, म्हणजे दहा मीटरवरच्या खोलीतून आलेला सूर तसाही 30 मिलिसेकंद मागाहूनच पोचतो आणि आपण तो एकच धरतो. तबल्याच्या बोलांना ही सवलत जरा कमी मिळते, कारण थाप तीक्ष्ण असते. तेव्हा उशीर शून्यच असावा असा हट्ट नाही, तो आपल्या हातात हवा आहे.

बोलक्या स्पीकरांची बाजूही नीट सांगायला हवी. सगळे एकाच कंपनीचे, एकाच जातीचे घेतले तर ते एकमेकांशी व्यवस्थित जुळतात, दारात उभं राहिलं तरी तक्रार राहत नाही. प्रश्न येतो तो बाहेरचा स्पीकर जोडताना. ॲमेझॉनच्या गटात ब्लूटूथने जोडलेला स्पीकर घेताच येत नाही, आणि पाचव्या पिढीच्या इको डॉटला ऑडिओची पिन लावायची जागाही राहिलेली नाही. गूगलच्या ॲपमध्ये गटातला उशीर दुरुस्त करायची सोय आहे, पण माझ्या अनुभवात ब्लूटूथचा उशीर दर जोडणीला थोडा हलतो, त्यामुळे काल जुळवलेलं आज जुळेलच असं नाही. जुन्या ॲम्प्लिफायरला लावायला गूगलची क्रोमकास्ट ऑडिओ ही डबी फार सुरेख होती, पण जानेवारी 2019 मध्ये तिचं उत्पादन थांबलं.

लिरियनमध्ये मला जे मिळालं ते एवढंच: प्रत्येक खोलीला मिलिसेकंदांत वेगळा विलंब देता येतो, आणि एकदा दिला की तो तिथेच राहतो. शिवाय प्रत्येक पायचं घड्याळ अगदी किंचित पुढेमागे चालतं, ते सर्व्हर सतत तपासत राहतो आणि कानाला कळणार नाही इतकी काटछाट करून सगळ्यांना एका रेषेत आणतो. जुळवायची माझी पद्धत साधी आहे. साध्या तीनतालाचा ठेका सगळ्या खोल्यांत लावायचा, दोन खोल्यांमधल्या दारात उभं राहायचं आणि फोनवरून एका खोलीचा विलंब दहा-दहा मिलिसेकंदांनी सरकवायचा. आधी ‘धा’ फाटलेला ऐकू येतो, मग त्याला जाड कड येते, मग ती कडही जाते. तिथे थांबायचं. यंत्राने मोजलं तर आणखी अचूक होईल, पण बाबांनी ठेका ऐकून मान हलवली, मला तेवढं पुरलं.

दुसरं कारण घरच्या संग्रहाचं. काकांनी रेडिओवरून आणि घरच्या बैठकांतून कॅसेटवर उतरवलेलं गाणं आम्ही संगणकावर घेतलं आहे. ते कुठल्याही स्ट्रीमिंग सेवेवर नाही आणि येणारही नाही. ग्वाल्हेरला युनेस्कोने 2023 मध्ये संगीताचं शहर म्हणून मान दिला, पण या शहराचं बरंच गाणं अजून अशाच घरगुती कॅसेटींत पडून आहे. लिरियन मुळात आपल्या स्वतःच्या फायलींसाठीच आहे. विलंबित आणि द्रुत अशा दोन वेगळ्या फायली असल्या तरी मध्ये खंड न पडता वाजतात. फायलीच्या माहितीत जॉनरचा, म्हणजे गाण्याच्या प्रकाराचा, रकाना असतो, त्यात मी रागाचं नाव लिहितो. भीमपलासी निवडली की घरातल्या सगळ्या भीमपलासी समोर येतात. बोलक्या स्पीकरला हे जमवायचं तर बरीच कसरत करावी लागते.

मग बोलका स्पीकर कुठे सरस आहे? स्वयंपाकघरात, निर्विवाद. आईचे हात कणकेत असतात, तिने नुसतं ‘भजन लाव’ म्हणायचं. जिओसावन, बातम्या, कुकरसाठी टायमर, सगळं तोंडी. मांडायला अर्धा तासही लागत नाही. पायच्या बाबतीत मेमरी कार्डावर पायकोअरप्लेअर हे पायला प्लेअर बनवणारं सॉफ्टवेअर चढवणं, डॅक, म्हणजे डिजिटल गाण्याचा ॲम्प्लिफायरला चालेल असा आवाज करणारा सुटा भाग, ओळखायला लावणं, हे कोणी तरी हौसेने करणारं घरात लागतं. असं कोणी नसेल तर माझा आग्रह नाही. फक्त एवढं सांगेन की मे-जूनमध्ये कूलर पूर्ण वेगात असताना स्पीकरला हाक ऐकू जात नाही, शेवटी फोनच हातात घ्यावा लागतो. त्या दिवसांत कूलरच्या खोलीचा आवाज वेगळा वाढवावा लागतो. ते दोन्हीकडे होतं.

लाइट जाण्याचं काय? राउटर इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या, हे दोन्हींसाठी. पायबद्दल एक भीती असते की अचानक वीज गेली तर मेमरी कार्ड खराब होतं. पायकोअरप्लेअर सुरू होताना सगळा रॅममध्ये चढतो आणि कार्डाला नंतर हात लावत नाही, त्यामुळे खोल्यांमधल्या पायना धोका नाही. सर्व्हर मी एका जुन्या लॅपटॉपवर ठेवला आहे. त्याची बॅटरी अजून घटकाभर टिकते, तेवढं पुरतं.

आणखी एक गोष्ट निवड करताना मनात असावी. सोनॉसशी पेटंटच्या वादात निकाल विरुद्ध गेला म्हणून जानेवारी 2022 मध्ये गूगलला सगळ्या गटाचा आवाज एकदम कमीजास्त करायची सोय काढून टाकावी लागली. पुढे ती परत आली, पण मधल्या काळात लोकांनी विकत घेतलेल्या वस्तूतली सोय त्यांच्या घरातून गेली होती. उलट लिरियनची गोष्ट पाहा. त्याचा मूळ धागा स्लिम डिव्हाइसेसचा. ती कंपनी 2006 मध्ये लॉजिटेकने घेतली, 2012 मध्ये ते प्लेअर बनवणं थांबवलं, 2024 मध्ये त्यांची ऑनलाइन सेवाही बंद केली. तरी सॉफ्टवेअर मुक्त असल्यामुळे वापरणाऱ्यांनीच ते लिरियन या नावाने चालू ठेवलं आणि आजही त्यात सुधारणा होतात. कंपनी गेली तरी आमची सम जागेवर पडते आहे.

ठरत नसेल तर सगळं घर एकदम करू नका. ज्या दोन खोल्यांमध्ये दार उघडं असतं त्या निवडा. घरात चांगला ॲम्प्लिफायर असेल तर दोन पाय आणि दोन डॅक घ्या, नसेल तर एकाच कंपनीचे दोन सारखे स्पीकर घ्या. तुमच्या घरात जे खरंच ऐकलं जातं त्यातलं जलद लयीचं काही तरी लावा आणि घरातल्या सर्वांत तयार कानाच्या माणसाला दारात उभं करा. आकाशवाणीची ‘रागम’ वाहिनी 2016 पासून दिवसरात्र शास्त्रीय संगीत देते, तीही लावून पाहा. स्वयंपाकघरातला बोलका स्पीकर आमच्याकडे अजून आहे, आईसाठी, गटाबाहेर. बाकी तिन्ही खोल्या पायवर आहेत, आणि गच्चीवरच्या खोलीसाठी चौथा मागवायचा आहे.