एव्हर्टनचं नवं स्टेडियम: साउथ स्टँडमधल्या माझ्या सीटवरून

आधी सीटबद्दल सांगते, बाकीचं नंतर. साउथ स्टँड, बरीच वरची रांग, गोलच्या थोडं डावीकडे. बसल्यावर समोर काही नाही. म्हणजे अक्षरशः काही नाही. दोन्ही गोल, चारही कोपऱ्यांतले झेंडे, रेषेबाहेर प्रशिक्षकांच्या येरझाऱ्या, सगळं एका नजरेत. अठरा-एकोणीस वर्षं मी एव्हर्टनच्या, म्हणजे लिव्हरपूलमधल्या या फुटबॉल क्लबच्या, मॅचेस जुन्या स्टेडियममध्ये एका लोखंडी खांबाच्या आजूबाजूनं पाहिल्या. त्यामुळे पहिल्या दिवशी मान आपोआप उजवीकडे झुकायची आणि शेजारच्या बाईंना वाटायचं, मला काहीतरी बोलायचंय.

मी लिव्हरपूलमध्ये एक्स-रे विभागात काम करते. 2005 ला इथे आले, मुलगा त्याच वर्षी झाला. फुटबॉलचा आणि माझा संबंध शेजारच्या आजोबांमुळे आला. मुलगा त्यांना आजोबाच म्हणतो, मराठीत, आणि गोऱ्या माणसाच्या तोंडून तो शब्द 'आजोबॅ' असा परत येतो. ते गुडिसन पार्कला, म्हणजे एव्हर्टनच्या जुन्या स्टेडियमला, लहानपणापासून जाणारे. त्यांच्या वडिलांची रक्षा त्या मैदानाच्या कडेला पुरलेली आहे. असे शेकडो कलश तिथे आहेत. 2004 नंतर जागाच उरली नाही म्हणून क्लबनं ते बंद केलं. हे सगळं आधी सांगितलं नाही तर नव्या स्टेडियमबद्दल आमच्या घरात भांडण का होतं ते कळणार नाही.

गुडिसनला आमच्या तीन सीट्स बुलन्स रोड स्टँडमध्ये होत्या. 1926 चा स्टँड, आर्चिबाल्ड लीच यांचं डिझाइन, वरच्या मजल्याच्या कठड्यावर फुल्या-फुल्यांची लोखंडी जाळी. लाकडी खुर्च्या, उठलं की फटकन मिटणाऱ्या. आणि खांब. मधल्या सीटवरून खांबामुळे डावीकडचा गोल दिसायचा नाही. आजोबांना तो दिसायचा, मला उजवीकडचा कोपरा दिसायचा, मुलगा कधी इकडे कधी तिकडे. कॉर्नर झाला की पुढच्या-मागच्या रांगांतले लोक एकमेकांना विचारायचे, "कुणाला लागून गेला? हँडबॉल होता का?" ज्याला दिसलं तो सांगायचा. कितीतरी गोल मी असे ऐकीव पाहिलेत. मागे बसणारे एक गृहस्थ दर वेळी रेफरीला आंधळा म्हणायचे आणि मग माझ्याकडे वाकून हळूच विचारायचे, "झालं काय नक्की?" पंधरा वर्षं त्यांचं नाव मला माहीत नव्हतं, पण त्यांच्या गुडघ्याच्या दोन्ही ऑपरेशनच्या तारखा माहीत होत्या.

नव्या स्टेडियममध्ये कुणालाच कुणाला विचारायची गरज पडत नाही. माझी तक्रार म्हणा किंवा निरीक्षण म्हणा, एवढंच आहे. बाकी वास्तू अप्रतिम आहे.

साउथ स्टँड हा एकच अखंड उतार आहे, सुमारे तेरा हजार माणसांचा, ब्रिटनच्या नियमात जेमतेम बसेल इतका उभा, जवळपास 35 अंशांचा. वर चढताना मांड्या भरून येतात. उतरताना मी कठडा धरते, मुलगा हसतो. पण या चढाचा फायदा असा की पुढचा माणूस कितीही उंच असला तरी त्याचं डोकं तुमच्या पायांशी असतं. आणि आवाज! छपराखाली कोंडलेला आवाज सरळ मैदानावर कोसळतो. 24 ऑगस्ट 2025 ला ब्रायटनविरुद्ध इथली पहिली लीग मॅच होती. आमच्या एनजाएनं पहिला गोल केला तेव्हा माझ्या कानाला दडे बसले. याच पोरानं मे महिन्यात साउथॅम्प्टनविरुद्ध गुडिसनवरचे पुरुष संघाचे शेवटचे दोन्ही गोल केले होते. जुन्या घराला कुलूप लावणारा आणि नव्या घराचं दार उघडणारा एकच, म्हणून आजोबांसकट सगळे त्याच्यावर खूश. दुसरा गोल गार्नरचा, पुढे आमचा गोलकीपर पिकफर्डनं पेनल्टी अडवली, 2-0. तारीख बघा: गुडिसन पार्कचं उद्घाटन 24 ऑगस्ट 1892 चं. बरोबर 133 वर्षं.

आजोबा त्या दिवशी आले नाहीत. घरीच रेडिओ लावून बसले. सीझन तिकिटाची जागा निवडायची वेळ आली तेव्हाही "तुम्ही घ्या, माझं बघू" म्हणाले. ते 'बघू' कुठल्याही भाषेत सारखंच असतं.

आता वाद. बाहेरच्यांना वाटतं, हा म्हातारे विरुद्ध तरुण असा मामला आहे. तसं नाही. एव्हर्टननं घर सोडायचा विचार वीस-पंचवीस वर्षांपूर्वीपासून चालवला होता. आधी लिव्हरपूलच्याच नदीकाठच्या किंग्ज डॉकची योजना निघाली, ती 2003 मध्ये बारगळली. मग कर्कबी: शहराच्या हद्दीबाहेर, एका सुपरमार्केटच्या जोडीनं. 2007 ला पाठीराख्यांचं मतदान घेतलं, 59 टक्के लोक हो म्हणाले. आजोबा नाही म्हणाले, त्यांचा सख्खा भाऊ हो म्हणाला, आणि दोघांनी एका ख्रिसमसला एकमेकांशी शब्द टाकला नाही. 2009 मध्ये सरकारनंच ती योजना फेटाळली. त्या हिशेबानं ब्रॅमली-मूर डॉक, म्हणजे आताचं स्टेडियम जिथे उभं आहे ती जुनी गोदी, ही सोन्यासारखी जागा. शहरातच, नदीकाठी, गुडिसनपासून फार लांब नाही. आजोबांनी या वेळी विरोध केला नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, की बांधा, छान बांधा, पण मला खूश व्हायला लावू नका.

मुलाचं म्हणणं अगदी उलट, आणि तेही खरं आहे. गुडिसनमध्ये जेमतेम 39 हजार माणसं मावायची, इथे 52 हजारांहून जास्त. सीझन तिकिटासाठी त्याचे मित्र वर्षानुवर्षं यादीत होते, त्यातल्या दोघांना आता जागा मिळाली. त्याचा एक मित्र व्हीलचेअरवर असतो. तो आता साउथ स्टँडच्या गर्दीच्या मधोमध, चांगल्या उंचीवर बसतो, पुढचे लोक उभे राहिले तरी त्याला दिसतं. मुलगा मला म्हणाला, "आई, त्याला विचार खांबाची मजा." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

पैशाचा मुद्दा निघाला की मात्र दोघं एका बाजूला येतात. बांधकामाच्या काळात क्लबची पार चाळण झाली होती. 2023-24 च्या हंगामात खर्चाचे नियम मोडल्याबद्दल एकूण 8 गुण कापले गेले, आणि स्टेडियमच्या कर्जावरचं व्याज कुठल्या खात्यात धरायचं हाही त्या भांडणाचा भाग होता. त्या वर्षी आम्ही मॅचपेक्षा वकिलांच्या बातम्या जास्त वाचल्या. डिसेंबर 2024 मध्ये मालक बदलले तेव्हा कुठे लोकांनी श्वास सोडला. आणि स्टेडियमला एका वकिली फर्मचंच नाव मिळालं, हिल डिकिन्सन. आजोबा म्हणाले, "बरोबरच आहे, तीन वर्षं तेच तर खेळत होते."

आमच्या हॉस्पिटलमधले एक सहकारी वेस्ट हॅमवाले. 2016 मध्ये त्यांचा क्लब अप्टन पार्क सोडून लंडनच्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये गेला. धावण्याच्या ट्रॅकसाठी बांधलेली जागा ती, प्रेक्षक आणि मैदान यांच्यात केवढं अंतर! त्यांनी मला कितीदा बजावलं होतं, की मोठं म्हणजे चांगलं नव्हे. एव्हर्टननं ती चूक केलेली नाही. ही जागा फुटबॉलसाठीच बांधलीय, थ्रो-इन घेणाऱ्या खेळाडूच्या कपाळावरचा घाम पहिल्या रांगेला दिसावा इतकी जवळ. आर्सेनलनं 2006 ला हायबरी सोडलं, तिथे आता फ्लॅट आहेत आणि मैदानाच्या जागी बाग. गुडिसनचंही तसंच होणार असं आम्ही धरून चाललो होतो. पण मे 2025 मध्ये जाहीर झालं, की तिथे आता एव्हर्टनचा महिला संघ खेळणार. याबद्दल खाली लिहिते.

जायचं कसं: सँडहिल्स स्टेशनवर उतरून पायी पंधरा मिनिटं. जाताना काही त्रास नाही. येताना स्टेशनबाहेर रांगेसाठी आखून दिलेल्या जागेत उभं राहावं लागतं, आणि ती रांग मुंगीच्या पावलानं सरकते. मी आता मॅच संपल्यावर थेट शहराकडे चालत सुटते, अर्ध्या-पाऊण तासात पोचते. एकदा पाऊस होता म्हणून टॅक्सी बोलावली. कंपनीचं नाव घेत नाही, पण ड्रायव्हर भलत्याच गल्लीत उभा राहून 'पोचलो' म्हणत होता आणि मी भिजत त्याला शोधत होते. चालत जा.

चालण्यात मजा आहे. रीजंट रोडला लागून जुन्या गोदीची भिंत आहे, जेसी हार्टली नावाच्या इंजिनिअरच्या काळातली. ओबडधोबड ग्रॅनाइटचे तुकडे एकमेकांत इतके घट्ट बसवलेत, की बोटाचं नख शिरत नाही. मी एका दगडावर हात फिरवून पाहिला, अर्धा काळा आणि अर्धा गुलाबीसर होता. ही गोदी 1848 ची. तिच्यात समुद्रातून उपसलेली वाळू भरून वर स्टेडियम उभं केलं. भिंत राखली, फरसबंदीतले मालगाडीचे जुने रूळ राखले, 1883 चा हायड्रॉलिक टॉवर दुरुस्त केला. आणि नव्या विटांच्या भिंतीत लीच यांच्या त्या फुल्या-फुल्यांची नक्षी काढलीय. ती पाहिल्यावर मला बरं वाटलं. मुलाला कौतुक वाटलं. आजोबांना फोटो दाखवला तर म्हणाले, "वडिलांचा कोट कापून उशीचा अभ्रा शिवलाय." एवढं राखूनही 2021 मध्ये युनेस्कोनं लिव्हरपूलच्या गोद्यांचा जागतिक वारशाचा दर्जा काढून घेतला, आणि कारणांमध्ये या स्टेडियमचंही नाव होतं. मला विचाराल तर उजाड, कुलूपबंद गोदीपेक्षा हे बरं. पण मी इथली नाही, म्हणून हे मोठ्यानं बोलत नाही.

वारा. हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते. मर्सी नदी भिंतीपलीकडेच आहे. ऑगस्टमध्ये छान वाटतं. नोव्हेंबरपासून स्टेडियमबाहेरच्या प्लाझात उभं राहिलं की कानाच्या पाळ्या आहेत की गेल्या ते चाचपून बघावं लागतं. सीटवर बसल्यावर तेवढा लागत नाही. आतले पॅसेज रुंद आहेत, मध्यंतरात स्वच्छतागृहात जाऊन दुसरा हाफ सुरू व्हायच्या आत परत येता येतं. बायकांना याचं महत्त्व सांगायला नको. तिकीट मोबाइलवर असतं, तेव्हा चार्जिंग करून निघा. खाण्याबद्दल लिहीत नाही, मी डबा खाऊन जाते.

आणि गल्ली नाही, हेही खरं. गुडिसनला घरांच्या रांगांमधून चालता चालता अचानक स्टँड अंगावर यायचा. एका कोपऱ्यात सेंट ल्यूकचं चर्च, स्टँडला इतकं चिकटून की दोघांनी एकच भिंत वाटून घेतलीय असं वाटावं. चर्चच्या हॉलमध्ये चहा. समोरच्या घरातल्या आजीबाई मॅचच्या दिवशी दारात खुर्ची टाकून बसायच्या. नव्या जागेच्या आसपास गोदामं आहेत. त्यातल्या काहींचे बार झालेत, आणखी होतील, तरुणांना ते आवडतंय. दहा वर्षांनी कुणाला तरी त्याच्याही आठवणी येतील.

सप्टेंबर 2025 पासून आजोबा महिला संघाच्या मॅचेसना गुडिसनला जातात. आधी हा संघ वॉल्टन हॉल पार्कच्या छोट्या मैदानावर खेळायचा, दोन-सव्वादोन हजारांची सोय. गुडिसनमध्येही सगळे स्टँड उघडत नाहीत, मोकळ्या सीट्स दिसतात, आणि पोरींचा एकमेकींना दिलेला आवाज स्पष्ट ऐकू येतो. एका रविवारी मी आजोबांबरोबर गेले. आजोबांना आतापर्यंत महिला फुटबॉलशी काही देणंघेणं नव्हतं. आता त्यांना लेफ्ट-बॅकच्या घोट्याची काळजी वाटते आणि ते मला एक्स-रे विभागातली माणूस म्हणून तज्ज्ञ मत विचारतात.

नव्या स्टेडियमला ते एकदाच आले, डिसेंबरमध्ये, मुलाच्या वाढदिवसाला, त्याच्या हट्टामुळे. चढ चढताना तीन ठिकाणी थांबले. बसले, चहूकडे पाहिलं, छपराकडे पाहिलं. सगळं मान्य केलं: दिसतं छान, आवाज छान, जागा ऐसपैस. दुसऱ्या हाफमध्ये लांबच्या गोलसमोर गोंधळ झाला, पंचांनी काहीतरी दिलं. आजोबांनी सवयीनं मागच्या रांगेकडे वळून विचारलं, "काय झालं?" मागच्या पोरानं दचकून पाहिलं आणि मोठ्या स्क्रीनकडे बोट दाखवलं.

स्क्रीन चांगली आहे, हो. रिप्ले स्पष्ट दिसतो. साउथ स्टँडचं तिकीट मिळालं तर बिनधास्त घ्या, गुडघे दुखत असतील तर खालच्या रांगा बघा, आणि कानटोपी विसरू नका.